नाका उठल्यावर

महाराष्ट्रातल्या अनेक शहरांच्या वेशीवर अजून 'जकात नाका' नावाचा बसथांबा आहे. कंडक्टर नाव पुकारतो, माणसे उतरतात, रिक्षावाला त्याच नावाने भाडे ठरवतो. नाका मात्र जागेवर नसतो. कुठे त्याच्या टपरीत चहाचे दुकान निघाले आहे, कुठे रस्तारुंदीत सगळेच गेले आहे. नाव टिकले आणि वस्तू गेली, असे भाषेत नेहमीच होते. पण नाक्याबरोबर आणखीही काही गेले. ते काय होते, हे समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

सुरुवातीलाच सांगायला हवे की मी अर्थशास्त्राचा पदवीधर नाही. एका करसल्लागाराकडे वह्या लिहिण्यात माझी पंचवीस वर्षे गेली. विक्रीकर, व्हॅट, एलबीटी आणि जीएसटी हे चारही कर मी व्यापाऱ्यांच्या खतावणीतून पाहिले. त्याआधी जकात पाहिली ती घरातून. वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, एका तालुक्याच्या गावी नगरपालिकेच्या जकात नाक्यावर कारकून होते. रात्रपाळी असली की डबा घेऊन जायचे काम माझ्याकडे असे. मालट्रकची रांग, कंदिलाच्या उजेडात बिलटी वाचणारे अण्णा, आडवा बांबू उचलणारा शिपाई हे सगळे मला अजून दिसते. अण्णा स्वच्छ होते असे मी खात्रीने सांगू शकतो. नाका स्वच्छ होता असे सांगू शकत नाही.

थळभरीत, थळमोड आणि हुंडेकरी

'जकात' हा शब्द मूळ अरबी. धर्मादायासाठी द्यायचा हिस्सा हा त्याचा मूळ अर्थ. आपल्याकडे तो मालाच्या ये-जा वरच्या हशिलासाठी रूढ झाला. मराठेशाहीत माल जिथे भरला जाई तिथे 'थळभरीत' आणि जिथे विकला जाई तिथे 'थळमोड' द्यावी लागे. वाटेतल्या चौक्या वेगळ्या. लांबच्या पेठेत माल न्यायचा तर चौकीगणिक थांबणे, माल दाखवणे, घासाघीस करणे आले. त्यातून हुंडेकऱ्यांचा वर्ग तयार झाला. व्यापाऱ्याकडून एक ठोक रक्कम घ्यायची आणि वाटेतले सगळे हशील स्वतः भागवून माल मुक्कामी पोचवायचा, हा त्यांचा धंदा. हुंडेकरी हे आडनाव आजही आहे. विसाव्या शतकातल्या नाक्यांवर 'जकात एजंट' म्हणून जो माणूस उभा असे, तो या हुंडेकऱ्याचाच वंशज. करवसुलीची पद्धत किचकट असली की मधल्या माणसाचे पोट त्या किचकटपणावर चालते. अठराव्या शतकात हे जितके खरे होते तितकेच विसाव्यात.

इंग्रजांनी वाटेवरची ही हशिले १८३०च्या दशकात मोडीत काढली. पण पुढे १८५०च्या सव्विसाव्या कायद्याने गावोगावी नगरपालिका स्थापण्याची मुभा मिळाली, आणि दिवाबत्ती, झाडलोट, पाणी यांसाठी पैसा आणायचा कुठून हा प्रश्न उभा राहिला. मुंबई इलाख्यातल्या बहुतेक गावांनी घरपट्टीपेक्षा जकातच पसंत केली. कारण साधे आहे. घरपट्टीचे बिल घरमालकाच्या हातात पडते आणि तोच मतदार असतो. जकात व्यापारी भरतो आणि मालाच्या किमतीत मिसळून टाकतो. गिऱ्हाइकाला आपण कर भरला हे कळतही नाही. १९२४-२५च्या करचौकशी समितीने या करावर कडक टीका केली होती. त्यानंतरही तो नव्वद वर्षे टिकला.

राज्यघटनेतही त्याला जागा मिळाली. सातव्या परिशिष्टातल्या राज्यसूचीत बावन्नावी नोंद होती: स्थानिक क्षेत्रात वापर, उपभोग किंवा विक्रीसाठी येणाऱ्या मालावरचा कर. अधिकार राज्याचा, पण महाराष्ट्राने तो कायद्याने नगरपालिका आणि महानगरपालिकांना दिलेला. म्हणून गल्ला शहराचा होता.

जकात वाईट का होती

आज जकातीबद्दल हळवे होण्याचे कारण नाही. तिचे दोष तीन होते आणि तिन्ही मोठे होते.

पहिला दोष वेळेचा. मुंबईच्या वेशीवर दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली आणि मानखुर्द असे पाच नाके होते. तिथल्या रांगा ज्यांनी पाहिल्या त्यांना अधिक सांगायला नको. ट्रक उभा राहिला की डिझेल, चालकाचा दिवस, नाशवंत माल आणि मागची वाहतूक या सगळ्यांचे नुकसान. शहरातून फक्त पलीकडे जाणाऱ्या ट्रकलाही पास काढावा लागे आणि तो दुसऱ्या नाक्यावर जमा करावा लागे.

दुसरा दोष नाक्यावरच्या माणसाच्या हातातल्या सत्तेचा. माल कोणत्या दरात बसतो, बीजकावरची किंमत खरी मानायची की नाही, हे रस्त्यावर उभ्या-उभ्या ठरे. चुकवेगिरी सापडली तर दहापटीपर्यंत दंड करता येई. एवढा दंड आणि एवढी घाई एकत्र आली की तडजोडीचा भाव आपोआप ठरतो. अण्णा म्हणायचे, "रांग जितकी लांब, तितका खालचा हात मोठा."

तिसरा दोष दिसत नसे, पण अर्थव्यवस्थेला तोच सर्वांत महाग पडला. तो करावरच्या कराचा. समजा, १०० रुपयांचे कापड एका शहरात आले आणि ४ टक्के जकात लागली. किंमत १०४ झाली. रंगाई-छपाईचे ४६ रुपये घालून ते १५० रुपयांना दुसऱ्या शहरात गेले. तिथे ६ रुपये जकात, म्हणजे १५६. शिलाईचे ४४ घालून २०० रुपयांचा सदरा तिसऱ्या शहरात आला आणि ८ रुपये भरले. एकूण जकात १८ रुपये. प्रत्यक्षात कापड, रंगाई आणि शिलाई मिळून निर्माण झालेले मूल्य फक्त १९० रुपयांचे. त्यावर एकदाच ४ टक्के घेतले असते तर कर ७ रुपये ६० पैसे झाला असता. आधी भरलेल्या जकातीची वजावट पुढे मिळत नसल्याने माल जितक्या वेशी ओलांडेल तितका कर फुगत जाई. तीन शहरांत काम वाटून घेणारे छोटे कारखानदार यात मार खात आणि सगळे एका छपराखाली करणारा मोठा कारखाना सुटे.

व्हॅटने काय शिकवले, एलबीटी काय विसरली

राज्याच्या आपल्या तिजोरीत याच काळात एक वेगळी गोष्ट घडली. १९५९च्या मुंबई विक्रीकर कायद्याखाली व्यापारी वर्षानुवर्षांच्या वह्या गठ्ठ्यात बांधून अधिकाऱ्यापुढे नेत असे. प्रत्येकाची तपासणी व्हायची आणि ती वर्षे मागे पडलेली असायची. १ एप्रिल २००५ रोजी व्हॅट आला. व्यापाऱ्याला २७ या आकड्यांनी सुरू होणारा अकरा अंकी नोंदणी क्रमांक मिळाला. कर त्याने स्वतः काढायचा, विवरणपत्र स्वतः भरायचे, खरेदीवर भरलेल्या कराची वजावट स्वतः घ्यायची. खात्याने सगळ्यांना तपासण्याचा हट्ट सोडला आणि निवडक प्रकरणांची तपासणी सुरू केली. मोठ्या व्यापाऱ्यांसाठी ७०४ क्रमांकाचा लेखापरीक्षण अहवाल आला. पुढे विवरणपत्रे संगणकावर गेली.

हे निर्दोष नव्हते. वजावटीसाठी खोटी बिले विकणारे लोक मी पाहिले आहेत. पण त्यात एक शहाणपण होते. मालावरची नजर काढून हिशेबावर ठेवायची, तर आधी हिशेब वाचू शकणारे खाते तयार करावे लागते. व्हॅट येण्याआधी सगळ्या राज्यांच्या अर्थमंत्र्यांची समिती काही वर्षे बोलत होती, आणि विक्रीकर खात्याकडे वह्या वाचण्याची अर्धशतकाची सवय होती.

जकातीच्या बाबतीत हा क्रम उलटला. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी राज्याचे सहायक अनुदान आले. महानगरपालिकांसाठी २०१० पासून टप्प्याटप्प्याने स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, आणली गेली. एप्रिल २०१३ पासून ती पुणे, ठाणे, नागपूरसारख्या मोठ्या शहरांत पोचली. कल्पना वाईट नव्हती. नाका काढायचा आणि शहरात आलेल्या मालावरचा कर व्यापाऱ्याने खरेदीच्या नोंदीवरून स्वतः भरायचा. पण वसुली ज्यांच्याकडे सोपवली ते काल नाक्यावर बिलटी पाहणारे कर्मचारी होते. त्यांना खरेदीखाते आणि ताळेबंद वाचायला कुणी शिकवले नव्हते. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ही दुसरी वही, दुसरे विवरणपत्र आणि दुकानात येणारा आणखी एक निरीक्षक होता. शिवाय कराचा मूळ दोष तसाच राहिला, कारण एलबीटीची वजावट व्हॅटमध्ये मिळत नव्हती. २०१३च्या उन्हाळ्यात बाजारपेठा बंद राहिल्या. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांची एलबीटी रद्द झाली. ती तूटही राज्याने अनुदानाने भरायची ठरली.

एलबीटीचा एक अवशेष आजही आहे. शहरात सदनिका घेणाऱ्याला मुद्रांक शुल्कासोबत एक टक्का स्थानिक संस्था कर भरावा लागतो. दस्त नोंदवताना बहुतेकांचे त्याकडे लक्ष जात नाही.

३० जूनची मध्यरात्र

एकशे एकव्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतली बावन्नावी नोंद वगळली. ३० जून २०१७च्या मध्यरात्री मुंबईचे पाचही नाके बंद झाले आणि १ जुलैपासून जीएसटी सुरू झाला. ट्रकवाल्याच्या दृष्टीने ही मुक्ती होती. २०१८ पासून मालाची माहिती ई-वे बिलाच्या रूपाने संगणकावर जाऊ लागली. रस्त्यावरची रांग गेली, हा देशाचा निखळ फायदा आहे.

मुंबई महानगरपालिकेचे सर्वांत मोठे उत्पन्नही त्याच रात्री बंद झाले. म्हणून महाराष्ट्राने त्याच वर्षी स्थानिक संस्थांना भरपाई देण्याचा स्वतंत्र कायदा केला. सूत्र असे: २०१६-१७ हे आधारवर्ष धरायचे, त्यावर दरवर्षी ८ टक्के चक्रवाढ वाढ द्यायची आणि रक्कम महिन्याच्या महिन्याला द्यायची. जुलै २०१७ मध्ये मुंबईला पहिला हप्ता मिळाला तो सुमारे ६४७ कोटी रुपयांचा. ८ टक्के चक्रवाढीने रक्कम नऊ वर्षांत दुप्पट होते. २०२५-२६च्या अंदाजपत्रकात मुंबईने या भरपाईपोटी सुमारे १४,४०० कोटी रुपये धरले आहेत. त्याच अंदाजपत्रकात मालमत्ता कराचा अंदाज सुमारे ५,२०० कोटींचा आहे.

महाराष्ट्राला याचे श्रेय द्यायलाच हवे. कायद्याने बांधलेली, सूत्रावर चालणारी आणि दरमहा मिळणारी भरपाई ही मर्जीवरच्या अनुदानापेक्षा कितीतरी बरी. तरीही या सूत्राच्या पोटात तीन अडचणी आहेत.

एक, आधारवर्ष गोठलेले आहे. ज्या शहराची वसुली त्या काळात अशक्त होती, ते त्या अशक्तपणाचे ओझे पुढे नेत राहते. जे शहर त्यानंतर वेगाने वाढले, त्याची वाढ सूत्राला दिसत नाही. इचलकरंजी २०२२ मध्ये आणि जालना २०२३ मध्ये महानगरपालिका झाल्या. महानगरपालिका म्हणून त्यांचे आधारवर्ष कुठून आणायचे?

दोन, शहराच्या कर्तबगारीचा आणि उत्पन्नाचा संबंध तुटला. नवी बाजारपेठ उभी राहिली, रस्ते सुधारले, व्यापार वाढला, तरी महापालिकेला ८ टक्केच. काहीच केले नाही, तरी ८ टक्केच.

तीन, आणि माझ्या मते हीच मुख्य गोष्ट, पैसा देणारा बदलला. शहराचा कर आता शहर घेत नाही. तो राज्याकडून येतो.

हक्क की मेहेरबानी

हा फरक काय असतो, हे राज्यांना २०२० मध्ये स्वतः अनुभवावे लागले. जीएसटीत येताना राज्यांनी आपला विक्रीकर सोडला. बदल्यात केंद्राने पाच वर्षे २०१५-१६च्या उत्पन्नावर वार्षिक १४ टक्के वाढीची हमी दिली. कोविडच्या वर्षी भरपाईचा उपकर आटला आणि हप्ते थकले. तेव्हा राज्यांनी ठणकावून सांगितले की हा आमचा हक्क आहे, मदत नव्हे. शेवटी केंद्राने २०२०-२१ मध्ये १ लाख १० हजार कोटी आणि २०२१-२२ मध्ये १ लाख ५९ हजार कोटी रुपयांचे कर्ज काढून ते राज्यांकडे वळवले. हमीची मुदत जून २०२२ मध्ये संपली.

राज्यांचे म्हणणे रास्तच होते. पण जो युक्तिवाद राज्ये केंद्रापुढे करतात तोच शहरे राज्यापुढे करू शकतात, आणि शहरांचे हात त्याहून बांधलेले आहेत. जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश आणि सगळ्या राज्यांचे मिळून दोन तृतीयांश. निर्णयाला तीन चतुर्थांश मते लागतात. राज्याला एकट्याने काही ठरवता येत नाही, निदान बोलता येते. शहराला त्या खोलीत खुर्चीच नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये परिषदेने दरांची रचनाच बदलली. तिचा परिणाम राज्याच्या तिजोरीवर आणि तिथून शहरांवर होणार, पण चर्चेत शहरे कुठेही नव्हती.

हे घटनेच्या दिशेविरुद्ध आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून शहरांना स्वराज्य संस्थांचा दर्जा दिला आणि बाराव्या परिशिष्टात अठरा कामे लिहिली. कामांची यादी दिली, करांची दिली नाही. कोणते कर द्यायचे ते राज्याच्या विधिमंडळावर सोडले. दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोगाने वाटणी ठरवावी अशी सोय केली, पण आयोग नेमणे, अहवाल येणे, तो विधिमंडळात मांडणे आणि शिफारशी स्वीकारणे यांत वर्षे निघून जातात. पंधराव्या वित्त आयोगाला तर केंद्राच्या अनुदानासाठी राज्य वित्त आयोग नेमण्याची अटच घालावी लागली.

याचा अर्थ व्यवहारात काय होतो, ते मी घरात पाहिले. १९९९ नंतर अण्णांची बदली पाणीपट्टी विभागात झाली. नाक्याच्या काळात नगरपालिकेचा पगार कधी फार थकला नव्हता, कारण गल्ला रोज रात्री मोजला जाई. पुढे पगाराची तारीख सहायक अनुदानावर अवलंबून राहू लागली. एकदा दिवाळी तोंडावर आली तरी पगार नव्हता. अण्णा नगराध्यक्षांना भेटून आले. आईने विचारले, काय म्हणाले? अण्णा म्हणाले, "ते म्हणाले, मुंबईहून आले की देतो. पूर्वी आम्ही त्यांना हिशेब द्यायचो. आता आम्ही दोघेही वाट बघतो."

करदाता प्रश्न विचारतो, कारण पैसा त्याच्या खिशातून गेलेला असतो. अनुदानावर चालणाऱ्या संस्थेकडे प्रश्न विचारायला कुणी येत नाही. संस्था वर पाहते आणि नागरिक दुसरीकडे. मार्च २०२२ मध्ये मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. राज्यातल्या इतर अनेक महानगरपालिकांचीही तीच गत झाली. तीन वर्षांहून अधिक काळ सभागृह नव्हते. निवडणुका लांबण्याची कारणे न्यायालयीन आणि राजकीय होती, तिजोरीची नव्हती. पण सभागृह असो वा नसो, हप्ता त्याच सूत्राने येणार होता. शहरात लोकांचे प्रतिनिधी नाहीत, हे तिजोरीला जाणवले नाही.

मग करायचे काय

नाके परत आणायचे नाहीत, यावर दुमत नसावे. पण तीन गोष्टी करता येतील.

पहिली, भरपाईची जागा वाट्याने घ्यावी. राज्याच्या जीएसटीतला ठरावीक हिस्सा कायद्याने शहरांचा असावा. त्याची वाटणी लोकसंख्या, क्षेत्र आणि मागासलेपण यांवर व्हावी आणि आधारवर्षाचे वजन हळूहळू कमी व्हावे. राज्याचे उत्पन्न वाढले तर शहराचे वाढेल, घटले तर घटेल. त्यात जोखीम आहे, पण भागीदारीत ती असतेच.

दुसरी, मालमत्ता कराकडे प्रामाणिकपणे पाहावे. जकातीच्या सोप्या पैशामुळे शहरांनी हा कर दशकानुदशके दुर्लक्षित ठेवला. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, आणि करही भाड्यावरच बेतलेला असल्याने तोही गोठला. मुंबईने २०१० पासून भांडवली मूल्यावर कर घ्यायला सुरुवात केली, हा मोठा बदल होता. मग २०२२ मध्ये पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना माफी मिळाली. छोट्या घरात राहणाऱ्याला दिलासा हवा, हे मलाही पटते. पण नाममात्र का होईना, कर भरणाऱ्याचा आवाज वेगळा असतो.

तिसरी गोष्ट सर्वांत स्वस्त आहे. हिशेब लोकांना समजेल असा छापावा. आपल्या वॉर्डातून किती कर गेला, किती अनुदान आले, किती खर्च झाला, हे एका पानावर मराठीत मांडता येते. वह्या लिहिण्यात आयुष्य घालवलेला माणूस म्हणून सांगतो, जे एका पानावर मांडता येत नाही ते बहुधा कुणीतरी मांडू इच्छित नसते.

दिवाळीच्या खरेदीचे एखादे बिल तुमच्याकडे असेलच. ते पुन्हा पाहा. दुकानदाराच्या पंधरा अक्षरी क्रमांकाची सुरुवात २७ने झाली आहे, म्हणजे दुकान महाराष्ट्रातले. खाली कराच्या दोन ओळी आहेत, एक केंद्राची आणि एक राज्याची, दोन्ही सारख्याच रकमेच्या. दुकानासमोरचा रस्ता, त्यावरचा दिवा, त्या दुकानाचा कचरा उचलणारी गाडी हे सगळे ज्या शहराचे, त्याची ओळ त्या बिलावर नाही. अण्णांच्या जुन्या पावतीपुस्तकातली एक कोरी पावती मी जपून ठेवली आहे. कागद पिवळा पडला आहे. वर नगरपालिकेचे नाव मोठ्या अक्षरात छापलेले आहे.